पुरवठा साखळी व्यवस्थापनात पदव्युत्तर शिक्षण घेताना गणिताची तयारी किती हवी?

प्रश्न (खरेदी विभाग):

यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतल्यानंतर गेली चार वर्षे मी एका कारखान्याच्या खरेदी विभागात काम करीत आहे. पुरवठादारांशी दरांची बोलणी करणे, ऑर्डरींचा पाठपुरावा करणे आणि माल उशिरा आला की उत्पादन विभागाला उत्तरे देणे, हेच बहुतांशी माझे काम असते. आता पुरवठा साखळी व्यवस्थापनात पदव्युत्तर शिक्षण घेण्याचा विचार आहे. एमबीएमध्ये हा विशेष विषय घेता येईल किंवा याच विषयाची स्वतंत्र एमएस्सी करता येईल. एमएस्सीच्या अभ्यासक्रमात संभाव्यता, लिनियर प्रोग्रॅमिंग आणि सिम्युलेशन यांचा मोठा भरणा आहे, आणि माझा गणिताशी संबंध पदवीनंतर सुटलेला आहे. जे काम मी फोन आणि एक्सेलवर रोज करतो, त्यासाठी एवढे गणित खरोखर लागते का?

प्रतिसाद (साठा नियोजक):

मी हे शिक्षण नोकरीची सहा वर्षे झाल्यावर घेतले. लागते, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण तुमच्याच कामातील उदाहरणाने सांगतो. एखाद्या सुट्या भागाचा रोजचा सरासरी वापर १०० नग आहे, त्याचे प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा चढउतार मोजणारा आकडा) २० नग आहे आणि पुरवठादार माल नेमका ९ दिवसांनी देतो, असे समजा. एका दिवसाच्या वापराचा दुसऱ्या दिवसाच्या वापराशी संबंध नाही असे धरल्यास ९ दिवसांच्या वापराचे प्रमाण विचलन २० गुणिले ९ चे वर्गमूळ, म्हणजे ६० नग येते. ऑर्डरीच्या दर शंभर फेऱ्यांपैकी ९५ फेऱ्यांत माल कमी पडू नये, अशी अपेक्षा असेल तर त्याच्या १.६५ पट, म्हणजे ९९ नगांचा सेफ्टी स्टॉक (अनपेक्षित वापरासाठी राखलेला जादा साठा) पुरतो.

आता एवढाच बदल करा की पुरवठादार सरासरी ९ दिवसच घेतो, परंतु त्या दिवसांचे प्रमाण विचलन २ दिवस आहे. मागणीत काहीही बदललेले नसताना, वापर आणि दिवस या दोन्हींतील चढउतार एकत्र धरल्यास, ६० चा आकडा सुमारे २०९ होतो आणि सेफ्टी स्टॉक ३४५ नगांच्या आसपास जातो. मी खरेदीत असताना पुरवठादाराशी दरावर आणि सरासरी दिवसांवर तासन् तास बोलत असे; त्या दिवसांतील चढउतार मात्र कधी मोजलासुद्धा नव्हता. त्या काळी आमच्या संगणक प्रणालीत जवळपास प्रत्येक वस्तूपुढे लीड टाइम (ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचा काळ) १४ दिवस असा भरलेला होता. तो कोणी आणि कशावरून भरला हे कोणालाच ठाऊक नव्हते, तरी सर्व ऑर्डरी त्याच आकड्यावर निघत. गोदाम भरलेले असूनही नेमका हवा तो भाग का सापडत नाही, हे मला वर्गात बसल्यावर कळले.

प्रतिसाद (अध्यापन क्षेत्र):

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, फक्त गणिताविषयीची भीती थोडी कमी करू इच्छितो. या विषयातील पायाभूत सूत्रे फार अवघड नाहीत. एका वेळी किती मालाची ऑर्डर द्यावी याचे सूत्र फोर्ड हॅरिस यांनी १९१३ मध्ये मांडले आणि ते आजही पहिल्या सत्रात शिकवले जाते. सूत्र पाठ होणे सोपे आहे. त्याचा स्वभाव समजणे महत्त्वाचे आहे. योग्य प्रमाणाच्या दुप्पट ऑर्डर दिली, तरी ऑर्डर देण्याचा आणि साठा सांभाळण्याचा एकत्रित खर्च केवळ २५ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे तेथे दशांशापर्यंत अचूकता शोधण्यात वेळ घालवू नये, हे गणितच सांगते. सेफ्टी स्टॉकच्या बाबतीत अशी सवलत मिळत नाही.

अभ्यासक्रम पारखताना विषयांच्या नावांपेक्षा शिकवण्याची रीत पाहावी. ‘बिअर गेम’ हा खेळ अमेरिकेतील एमआयटीमध्ये १९६० च्या दशकात तयार झाला. किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना अशा चार जागी विद्यार्थी बसतात आणि प्रत्येकाला फक्त आपल्याकडे आलेली ऑर्डर दिसते. ग्राहकांची मागणी एकदाच थोडी वाढते, परंतु कारखान्यापर्यंत पोहोचेपर्यंत ऑर्डरींत प्रचंड चढउतार झालेले असतात. प्रत्येक जण वरच्या किंवा खालच्या टप्प्याला दोष देतो. या परिणामाला ‘बुलव्हिप’ म्हणतात. ली, पद्मनाभन आणि व्हांग या संशोधकांनी १९९७ मध्ये त्याची चार कारणे मांडली: प्रत्येक टप्प्यावर नव्याने होणारा मागणीचा अंदाज, ऑर्डरी साठवून एकदम देणे, दरांतील चढउतार, आणि टंचाईच्या काळात गरजेपेक्षा जास्त मागून ठेवणे. हा खेळ खेळवून घेणारे आणि त्यानंतर विद्यार्थ्यांकडून स्वतःच्याच ऑर्डरींचे विश्लेषण करून घेणारे शिक्षक जेथे आहेत, तेथे पदवीचे नाव एमबीए असो वा एमएस्सी, शिक्षण चांगले होईल असे मी म्हणेन.

आणखी एक सूचना. एमआयटीचा याच विषयातील मायक्रोमास्टर्स हा ऑनलाइन कार्यक्रम पाच अभ्यासक्रमांचा आहे. त्यातील विश्लेषणाचा पहिला अभ्यासक्रम प्रवेशाचा निर्णय घेण्यापूर्वी करून पाहिल्यास आपल्याला हे गणित मानवते की नाही, याची खात्री होईल.

प्रश्नकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार. लीड टाइमचे उदाहरण वाचून मी आमच्या एका पुरवठादाराच्या जुन्या नोंदी काढल्या. या माहितीवर पुढे प्रबंध करता येईल का, आणि त्यासाठी आत्तापासून काय जपून ठेवावे?

प्रतिसाद (साठा नियोजक):

करता येईल, मात्र कंपनीची लेखी परवानगी आधी घ्या. ऑर्डर दिल्याची तारीख, पुरवठादाराने कबूल केलेली तारीख आणि माल प्रत्यक्ष आल्याची तारीख या तिन्ही वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा. कबूल केलेली तारीख नंतर बदलून दिली असेल तर जुनी पुसू नका, कारण प्रणालीत बहुधा शेवटचीच उरते आणि उशीर झालाच नव्हता असे दिसू लागते. एकाच ऑर्डरीचा माल तुकड्यातुकड्यांनी आला असेल, तर प्रत्येक तुकड्याची नोंद स्वतंत्र हवी.