जांभ्याचा गडगा भडक नारिंगी दिसतो. रंगाचा फिल्टर कुठे लावावा?

गडगेवाला:
फोनवरील छायाचित्रांवरून मी गावच्या जांभ्याच्या गडग्याचे त्रिमितीय मॉडेल तयार केले आहे, परंतु त्याची उन्हाची बाजू भडक नारिंगी आणि सावलीची बाजू निळसर आली आहे. संकेतस्थळासाठी ते ब्लेंडर या त्रिमितीय कामाच्या मोफत सॉफ्टवेअरमधून जीएलबी या त्रिमितीय फाइलच्या स्वरूपात काढायचे आहे. टेक्श्चरचा, म्हणजे मॉडेलवर चढवलेल्या चित्राचा, रंग कसा सुधारावा? खर्च हजार रुपयांच्या आत हवा.

पोतदार:
सबस्टन्स पेंटर हे टेक्श्चर रंगवण्याचे सशुल्क सॉफ्टवेअर घ्यावे. त्यात एचएसएल (रंगछटा, तीव्रता, उजळपणा) फिल्टर थरावर बसतो, मूळ चित्राला धक्का लागत नाही आणि मास्कने फक्त उन्हाची बाजू निवडता येते. हजार रुपयांत चांगली अवजारे मिळत नाहीत, हे एकदा मान्य करावे.

नोडकर:
पैसे कशाला घालवायचे? ब्लेंडरमध्येच इमेज टेक्श्चर आणि बेस कलर (पृष्ठभागाचा मूळ रंग) यांच्यामध्ये ह्यू-सॅच्युरेशन-व्हॅल्यू (रंगछटा-तीव्रता-उजळपणा) नोड, म्हणजे रंग बदलणारा ठोकळा, जोडावा. ह्यू ०.५ असताना रंग बदलत नाही, म्हणून त्याच्या आसपासच किंचित सरकावे आणि सॅच्युरेशन १ वरून ०.८ पर्यंत उतरवावे. नॉर्मल मॅपला मात्र हा फिल्टर लावू नये, कारण त्यातले रंग पृष्ठभागाच्या दिशा सांगतात. तो मॅप नॉन-कलरवरच (चित्राला रंग न मानण्याच्या सेटिंगवर) ठेवावा.

जुना मॉनिटर:
मुळात टेक्श्चरच भडक आहे हे कशावरून? ब्लेंडर ४.० पासून एजीएक्स आणि त्याआधी २.८० पासून फिल्मिक हे व्ह्यू ट्रान्सफॉर्म (पडद्यावर रंग दाखवण्याची पद्धत) आपोआप निवडलेले असते. दोन्हींत भडक रंग निवतात, त्यामुळे संकेतस्थळावर हेच टेक्श्चर आणखी भडक दिसू शकते. आधी स्टँडर्ड निवडून पाहावे. मी मॉनिटरचे रंग अचूक करणारा कॅलिब्रेटर घेतल्यापासून ग्राहकांशी रंगावरून होणारे वाद थांबले. किंमत विचारू नये.

पोतदार:
आणि पाहणाऱ्यांच्या फोनांना कॅलिब्रेटर कोण लावणार?

बेकवाला:
नोडकरांचा सल्ला अर्धाच आहे. ह्यू-सॅच्युरेशन नोड जीएलबीमध्ये जात नाही, त्यामुळे सुधारलेला रंग सायकल्समध्ये (ब्लेंडरच्या रेंडर इंजिनात) नव्या चित्रावर बेक करून, म्हणजे छापून, तेच चित्र जोडावे लागते. बेक करताना डिफ्यूज (पृष्ठभागाचा रंग) निवडून डायरेक्ट आणि इनडायरेक्ट (थेट आणि परावर्तित प्रकाश) यांच्यापुढील खुणा काढून टाकाव्यात, नाहीतर ब्लेंडरमधले दिवेही टेक्श्चरवर छापले जातील.

मळभ:
ऊन टेक्श्चरमध्येच छापले गेले असल्यामुळे सर्वत्र एकच फिल्टर लावून नारिंगी उतरवली, तर सावलीची निळाई वाढेल. ढगाळ दिवशी, कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स (पांढऱ्या रंगाचा समतोल) स्थिर ठेवून आणि चौकटीत रंग जुळवण्यासाठी राखाडी कार्ड धरून पुन्हा छायाचित्रे काढावीत.

रंगोबा:
वरचे प्रतिसाद वाचलेले नाहीत, पण ह्यू-सॅच्युरेशन नोड लावावा. माझे काम त्यावरच झाले होते.

गडगेवाला:
सर्वांचे आभार. गडग्यावर आता शेवाळ चढले असल्याने पुन्हा छायाचित्रे काढणे शक्य नाही. शेवटी मी मिक्स (रंग मिसळणारा) नोड मल्टिप्लायवर (गुणाकारावर) आणि त्याचा फॅक्टर १ वर ठेवून टेक्श्चरला फिकट निळसर राखाडी रंगाने गुणले. हा रंग जीएलबीमध्ये बेस कलर फॅक्टर (मूळ रंगाचा गुणक) म्हणून जातो, त्यामुळे बेक करण्याची गरज पडली नाही. सावलीची बाजू अधिक निळी झाली आहे हे खरे, परंतु ती मागे असल्याने चालेल.

पोतदार:
पाहणारा मॉडेल फिरवणारच.