'अ‍ॅट-विल' आहे म्हणून कारणच विचारायचं नाही का?

एडिसनवासी: माझे मेहुणे, वय 54, न्यू जर्सीत एकाच मोठ्या कंपनीत 11 वर्षं. परवा दहा मिनिटांच्या कॉलवर काढून टाकलं. कारण विचारलं तर एचआर म्हणते, "तुम्ही अ‍ॅट-विल आहात," म्हणजे कंपनी कारण न देता कधीही काढू शकते. महिन्यापूर्वी मॅनेजर भर मीटिंगमध्ये म्हणाला होता, टीम तरुण करायची आहे. आता दोन महिन्यांचा पगार देतायत, बदल्यात कोणताही दावा करणार नाही असं लिहून हवंय, सोमवारच्या आत. मेहुणे सही करायला निघालेत. मला ते पटत नाही.

सातारी_डॅलस: करू द्या सही. मी 14 माणसांचा धंदा चालवतो. काढता येतं म्हणूनच नवा माणूस घ्यायला हात धजावतो. नोकरी सोडणाराही उद्याच्या उद्या निघून जातो, त्याला कोण कारण विचारतं? कोर्टात वर्षं जातात, हातचे पैसेही जातात.

मोगरा_ट्रेंटन: सोडून जाणारा आणि ज्याचा हप्ता थांबतो तो, एका तराजूत कसे बसतील? अ‍ॅट-विलमध्ये कारण न देता काढता येतं, बेकायदा कारणाने नाही. 40 च्या पुढच्यांना वयावरून काढायला 1967 पासून केंद्रीय कायद्याने मनाई आहे. आणि सोमवारची मुदत तर सरळ दडपण आहे. वयाचा दावा सोडून द्यायचा असेल तर 1990 च्या दुरुस्तीप्रमाणे विचाराला किमान 21 दिवस द्यावे लागतात, सही केल्यावरही 7 दिवसांत मागे घेता येते.

सातारी_डॅलस: 21 दिवसांचं माहीत नव्हतं, ते घ्यावेत. पण पुढे काय? सुप्रीम कोर्टाने 2009 मध्ये सांगितलंय, वय हेच निर्णायक कारण होतं हे कामगाराने सिद्ध करायचं. एका वाक्यावर?

मोगरा_ट्रेंटन: वाक्यावर नाही, त्यांच्या जागी कोण बसतंय त्यावर. शिवाय न्यू जर्सीचा स्वतःचा भेदभावविरोधी कायदाही आहे. मीटिंगची तारीख, कोण कोण होतं, आजच लिहून ठेवा. ऑफिसच्या मेल स्वतःला पाठवू नका, तेच उलटतं. नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या केंद्राच्या ईईओसीकडे तक्रारीला तिथे 300 दिवस आहेत. माझं मत विचाराल तर माँटाना राज्याने 1987 मध्ये केलं तेच सगळीकडे हवं: प्रोबेशन संपलं की काढायला रास्त कारण लागतं.

नवा_एच1बी: हे सगळं ग्रीन कार्डवाल्यांना ठीक. आम्हा एच-1बी व्हिसावाल्यांना नोकरी गेल्यावर इथे राहायला जास्तीत जास्त 60 दिवस. त्यात दुसरी नोकरी शोधायची की वकील?

सातारी_डॅलस: तुमच्या बाबतीत मात्र मला उत्तर नाही. धंदेवाला म्हणूनही ते मला अन्यायाचंच वाटतं.

एडिसनवासी: मेहुण्यांकडे ग्रीन कार्ड आहे. ताईने कागद कपाटात ठेवून दिलाय. बुधवारी वकिलाची वेळ मिळाली.