मदत हवी आहे: चोकोबारच्या रॅपरवरचे आकडे जुळत नाहीत

तुळस:

सासऱ्यांना टाइप २ मधुमेह आहे. आहारतज्ज्ञांनी आठवड्यातून एक चोकोबार चालेल असं सांगितलंय, पण त्यातले कार्ब्ज मोजून त्या जेवणातली पोळी तेवढी कमी करायची. मोजायला बसले आणि अडकले. घरात दोन प्रकार आहेत, आकडे १०० ग्रॅमचे:

साधा, ८० मिली: ३३० कॅलरी, प्रथिनं ४ ग्रॅम, कार्ब्ज २९ (एकूण साखर २४, वरून घातलेली साखर १९), फॅट २२, सॅच्युरेटेड १७, ट्रान्स ०.२.

'नो ॲडेड शुगर', ७० मिली: २७१ कॅलरी, प्रथिनं ४, कार्ब्ज ३१ (पैकी पॉलिऑल १४), फॅट १७.

१. साध्या बारला २६४ कॅलरी आणि २३ ग्रॅम कार्ब्ज धरले, बरोबर का?
२. दुसऱ्याचे आकडे ४-४-९ ने (ग्रॅममागे प्रथिनं ४, कार्ब्ज ४, फॅट ९ कॅलरी) गुणले तर २९३ कॅलरी येतात. छपाईची चूक आहे का?
३. साखरच घातलेली नाही तर कार्ब्ज साध्यापेक्षा जास्त कसे?
४. ट्रान्स फॅट दिसतंय म्हणजे आत वनस्पती तूप आहे का?

काटा-मापं:

पहिलाच हिशोब चुकलाय. तुम्ही ८० मिली म्हणजे ८० ग्रॅम धरलंत. आइसक्रीम घुसळताना त्यात हवा भरतात, म्हणून ते दिसतं तेवढं भरत नाही. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे एक लिटर आइसक्रीमचं वजन किमान ५२५ ग्रॅम असावं लागतं, म्हणजे जवळजवळ निम्मी जागा हवेची असू शकते. कोटिंगमध्ये हवा नसते, त्यामुळे बारचं वजन त्याहून थोडं वर जातं, पण ८० पर्यंत नाही.

रॅपरवर कुठेतरी बारीक अक्षरात ग्रॅममध्ये वजन असेल तर तेच घ्या. नसेल तर एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरे. बार फ्रीझरमधून काढा, रॅपरवरचं दव कोरड्या फडक्याने पुसा (ते एक-दोन ग्रॅम सहज वाढवतं) आणि रॅपरसकट वजन करा. खाऊन झालं की रॅपर आणि काडी धुऊन, सुकवून त्यांचं वजन वजा करा. उघडून वजन करायला गेलात तर ताटलीत गळतं आणि हिशोब बिघडतो.

दुसऱ्या बारमध्ये छपाईची चूक नाही. माल्टिटॉलसारखे पॉलिऑल (साखरेऐवजी घालतात ते गोड पदार्थ) शरीरात पूर्ण शोषले जात नाहीत, म्हणून त्यांचा ग्रॅम ४ ऐवजी २.४ कॅलरीने धरतात. १४ × १.६ = २२.४, तुमच्या २९३ मधून तेवढे वजा करा, २७१ येतात. मात्र पॉलिऑल कार्ब्जच्या बेरजेत धरलेले असतात, म्हणून साखर न घालताही कार्ब्ज जास्त दिसतात; तिथे तुमचा गोंधळ झाला. एरिथ्रिटॉल हा पॉलिऑल असेल तर त्याच्या कॅलरी शून्य धरतात, तेव्हा घटकांच्या यादीत नाव बघूनच गुणा.

दुधाची साय:

ट्रान्स फॅटबद्दल आधी सांगते, कारण यावर लोक उगाच घाबरतात. दुधाच्या फॅटमध्ये ट्रान्स फॅट निसर्गतःच थोडं असतं. ०.२ हा आकडा दुधाच्या मलईतूनही येऊ शकतो. फक्त त्या आकड्यावरून वनस्पती तूप आहे की नाही ते कळत नाही, यादी वाचा. 'आइसक्रीम' लिहिलं असेल तर त्या भागात दुधाचंच फॅट (साध्या आइसक्रीममध्ये किमान १० टक्के), 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलं असेल तर वनस्पती तेल असतं.

खरी गंमत वरच्या थरात आहे, आणि तिकडे कोणी बघत नाही. समजा बार ५० ग्रॅम, त्यातलं कोटिंग १५ आणि आइसक्रीम ३५. आइसक्रीममध्ये १० टक्क्यांप्रमाणे ३.५ ग्रॅम फॅट. रॅपरप्रमाणे पूर्ण बारमध्ये ११ ग्रॅम. उरलेलं साडेसात ग्रॅम त्या १५ ग्रॅमच्या पापुद्र्यात, म्हणजे पापुद्रा निम्मा फॅट आहे! बारच्या १६५ कॅलरींपैकी जवळपास ९५ तिथल्या.

इतकं फॅट का, तर कोटिंग पातळ राहून बारवर सगळीकडे सारखं पसरावं आणि थंड आइसक्रीमला लागताच घट्ट व्हावं म्हणून. यासाठी खोबरेल तेल सोयीचं, कारण ते सुमारे २४ अंशाला वितळतं: फ्रीझरमध्ये कडक, दाताखाली 'कट्' करून तुटतं आणि जिभेवर लगेच विरघळतं. पण त्याच्यातलं सुमारे ९० टक्के फॅट सॅच्युरेटेड. तुमच्या रॅपरवरच्या १७ चं कारण हेच. ५० ग्रॅमच्या बारमध्ये ते ८.५ ग्रॅम होतं आणि लेबलवर दिवसाची मर्यादा २२ ग्रॅम धरतात. सासऱ्यांचं कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर साखरेइतकंच इकडे लक्ष द्या.

तुळस:

वजन केलं. साधा रॅपरसकट ५३, रॅपर १, काडी २, म्हणजे निव्वळ ५०. 'नो ॲडेड शुगर' ४५ भरला. म्हणजे साध्यात १४.५ ग्रॅम कार्ब्ज आणि दुसऱ्यात १४? मग फरक काय राहिला? आणि साध्यात साखर १२ धरू की कार्ब्ज १४.५?

काटा-मापं:

कार्ब्ज १४.५ च धरा. १२ ग्रॅम साखरेतली अडीच दुधातली, बाकी साडेनऊ वरून घातलेली. उरलेले अडीच ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर), द्रव ग्लुकोजमधला साखरेत न मोजलेला भाग, कोकोमधले कार्ब्ज असे काही असतात. माल्टोडेक्स्ट्रिन साखरेच्या रकान्यात दिसत नाही, पण रक्तातली साखर झपाट्याने वाढवतं. ३० ग्रॅम पिठाच्या पोळीत साधारण २० ग्रॅम कार्ब्ज असतात, म्हणजे साध्या बारसाठी पाऊण पोळी कमी.

दुसऱ्यात पॉलिऑल ६.३ ग्रॅम. मधुमेहाच्या हिशोबात त्यांचे निम्मे वजा करतात, म्हणजे १४ मधून ३, राहिले ११. फरक एवढाच, साडेतीन ग्रॅमचा. त्याच्यावर विसंबून दोन बार खाल्ले तर कार्ब्ज साध्या एका बारपेक्षा जास्त होतात, आणि माल्टिटॉलने पोट फुगतं, जुलाब होतात. पॉलिऑल १० टक्के किंवा जास्त असले की रॅपरवर तशी सूचना असते, तुमच्याही असेल.

फॅटमुळे साखर हळू चढते. एका तासाने ग्लुकोमीटरवर आकडा बरा दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका, दोन आणि तीन तासांनीही बघा. याच कारणाने साखर अचानक खाली गेली तर चोकोबार देऊ नका; तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. औषधाचा किंवा इन्सुलिनचा डोस मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायचा नाही.

दुधाची साय:

एक राहिलं. पुढच्या वेळी दुसरा ब्रँड आणलात तर आकडे १०० ग्रॅमचे आहेत की १०० मिलीचे ते आधी बघा. तुमचा हाच बार १०० मिलीने लिहिला तर ३३० ऐवजी २०६ कॅलरी दिसतील.