लॉकडाऊनमधले शहराचे फोटो आहेत, त्यातून समाजशास्त्र कसं काढायचं?

खिडकीपाशी
नमस्कार मंडळी. एमए सोशिओलॉजी दुसरं वर्ष, डेझर्टेशनचा विषय लॉकडाऊनमधलं शहरी जीवन आणि पद्धत व्हिज्युअल सोशिओलॉजी, म्हणजे फोटोंसारख्या दृश्यांतून समाजाचा अभ्यास. २०२० मध्ये खिडकीतून आणि बाहेर पडायची मुभा मिळेल तेव्हा रस्त्यावर मी भरपूर फोटो काढले होते, ओरिजिनल फाईल्स तारखेसकट जपून ठेवल्यात. गाईड म्हणतात फोटो छान आहेत पण यात समाजशास्त्र कुठंय? रिकामे रस्ते, बंद शटर, पट्ट्या बांधलेली बाकं, मास्कमधली माणसं असं सगळं आहे, पण त्यावरून काही म्हणायचं तर कशाच्या जोरावर? फोटो हा पुरावा धरायचा की मजकुरात मधेमधे टाकायचा? आणि ज्यांचे चेहरे दिसतायत त्यांची लेखी परवानगी नाही, ते फोटो वापरता येतील का? कुणी असं काम केलं असेल तर प्लीज सांगा.

फिल्डनोट्स
गाईडचा प्रश्न रास्त आहे. समाजशास्त्रज्ञ हॉवर्ड बेकर यांनी १९७४ च्या लेखात जवळपास हेच मांडलंय, की फोटो बघताना हा कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतोय ते विचारायचं. नुसता रिकामा रस्ता 'शहर थांबलं' एवढंच सांगतो आणि ते तर सगळ्यांना माहीतच आहे. त्यापेक्षा रिकाम्या रस्त्यावर जे कुणी आहेत त्यांच्याकडे बघ ना, सफाई कामगार, डिलिव्हरीवाले, पोलीस, नर्स, म्हणजे बाकीच्यांना घरात बसता यावं म्हणून कोण बाहेर होतं ते. शहर थांबलंच नव्हतं, ते कुणाच्या तरी अंगावर चालू होतं, आणि हे तुझ्या फोटोंत दिसत असेल तर तिथे समाजशास्त्र सुरू होतं.

दुसरं म्हणजे माणसं नसलेले फोटो टाकून देऊ नकोस. शहरातल्या सार्वजनिक जागांचा अभ्यास करणारे विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांमध्ये टाइमलॅप्स कॅमेरे लावून लोक कुठे बसतात, कुठे रेंगाळतात ते मोजलं होतं, आणि त्यांना दिसलं की माणसं जास्त करून माणसांकडेच ओढली जातात. लॉकडाऊनने नेमकी हीच ओढ तोडायचा प्रयत्न केला, बाकांवर पट्ट्या, जमिनीवर गोल आणि बाण, रांगेतल्या खुणा. मला स्वतःला सगळ्यात मोलाच्या वाटतात त्या दारांवर चिकटवलेल्या सूचना. छापील आहे की हाताने लिहिलेली, हुकूम आहे की विनंती, 'आम्ही' म्हणजे कोण, 'तुम्ही' म्हणजे कोण, महिनाभराने तीच सूचना खोडून बदललीय का, हे सगळं नीट वाच, नियम सरकारकडून निघून दारापर्यंत येईतो त्याचं काय काय होतं ते एका कागदावर सापडतं.

जुनी_निगेटिव्ह
वरचं पटलं, पण मी एक पाऊल मागे येईन. आधी कॅमेरा कुठे होता ते लिही. २०२० च्या एप्रिलमध्ये डेन्मार्कमध्ये एका फोटो एजन्सीच्या फोटोग्राफर्सनी एकाच गर्दीचे टेलिलेन्स (लांबचं जवळ आणणारी) आणि वाइड लेन्सने (रुंद दृश्य टिपणारी) फोटो काढून दाखवले होते, एकात लोक एकमेकांना खेटून उभे वाटतात आणि दुसऱ्यात चांगलं अंतर दिसतं. म्हणजे 'लोक नियम पाळत नाहीत' हे विधान लेन्सवर उभं असू शकतं! म्हणून प्रत्येक फोटोला वेळ, लेन्स, किती उंचीवरून, आणि तो का काढावासा वाटला याची नोंद हवी. खिडकीतून शहर बघता येणं हीसुद्धा त्या काळातली एक सामाजिक जागा होती, ती सगळ्यांना मिळाली नव्हती, मेथड चॅप्टरमध्ये यावर दोन पानं लिहिलीस तरी जास्त नाही होणार.

निवडीचंही तसंच. मानववंशशास्त्रज्ञ बेटसन आणि मीड यांच्याकडे इंडोनेशियातल्या बालीमधले सुमारे २५,००० फोटो होते, १९४२ च्या पुस्तकात ७५९ छापले. तू कुठले वगळलेस आणि कशाच्या आधारावर तेही लिही, आणि ओरिजिनल फाईल्सच वापर, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या फोटोतली तारीख-वेळेची माहिती पुसली जाते.

खिडकीपाशी
खूप उपयोगी, थँक्यू. पण मग घराच्या आतलं काय? माझ्याकडे सगळं बाहेरचंच आहे.

मधला_मजला
हाच तुझ्या कामातला सगळ्यात मोठा प्रश्न आहे असं मला वाटतं, कारण लॉकडाऊनमध्ये बहुतेकांचं शहर घरात शिरलं होतं आणि तिथे रस्त्यावरचा कॅमेरा पोचत नाही. यासाठी फोटो इलिसिटेशन बघ, म्हणजे फोटो समोर ठेवून मुलाखत घ्यायची. मानववंशशास्त्रात फोटो वापरणारे जॉन कॉलियर यांनी १९५७ मध्ये यावर लिहिलं, फोटो असलेल्या आणि नसलेल्या मुलाखती ताडून बघितल्या तर फोटोमुळे लोक जास्त नेमकं बोलतात असं त्यांना आढळलं. तुझा एकच रिकामा रस्ता वेगवेगळ्या लोकांना दाखव. कुणाला शांतता आठवेल, कुणाला गेलेला रोजगार, कुणाला अ‍ॅम्ब्युलन्सचा आवाज, आणि हा फरक वर्ग, वय, काम, बाई की पुरुष यावर कसा जातो तो तुझा डेटा. मग त्यांना त्यांच्याच मोबाईलमधले त्या महिन्यांतले फोटो निवडायला सांग, जेवायच्या टेबलाचं ऑफिस, स्क्रीनवर भेटलेले नातेवाईक असं काहीबाही निघेल. हे फोटोव्हॉइसच्या जवळ जातं, म्हणजे लोकांनीच आपल्या जगण्याचे फोटो काढून त्यावर बोलायचं, वांग आणि बरिस या संशोधकांनी १९९० च्या दशकात चीनच्या युन्नानमध्ये गावातल्या बायकांच्या हातात कॅमेरे देऊन ती पद्धत उभी केली होती. फक्त लक्षात ठेव, आज ते जे सांगतील ती आजची आठवण आहे, २०२० मधली भावना जशीच्या तशी नाही, ते तसंच लिही.

फिल्डनोट्स
चेहऱ्यांचं राहिलं. सार्वजनिक जागेत फोटो काढायला कायद्याने चालतं म्हणून तो संशोधनात छापायला चालतो असं नाही, आधी कॉलेजच्या एथिक्स कमिटीला (संशोधनातली नैतिक बाजू तपासणारी समिती) विचार. मास्क आहे म्हणून ओळख लपते असं धरू नकोस, कपडे, चाल, जागा यावरून ओळखीचे लोक ओळखतात. कुणी नियम मोडताना दिसत असेल तर तो फोटो छापूच नको, शब्दांत वर्णन कर. बाकीच्यांत चेहरे ब्लर कर आणि ब्लर केलंय हे कॅप्शनमध्ये सांग.

खिडकीपाशी
ठरलं मग, आधी सूचनांचे फोटो वेगळे काढून तारखेने लावते आणि मुलाखतींसाठी कमिटीला अर्ज टाकते. मुलाखतीत दाखवायला साधारण किती फोटो ठेवावेत?

मधला_मजला
कमी ठेव, दहा-बाराच्या वर गेलीस की लोक नुसते चाळत सुटतात. आणि ते कुठल्या फोटोवर थांबले हेही टिपून घे.