'पित्त झालंय' म्हणजे नेमकं काय झालंय?

निफाडहून:
आमची द्राक्षबाग आहे. जानेवारीत घडांत पाणी उतरलं आणि रात्री आभाळ आलं की वडील उठून ओट्यावर बसतात. एक हात छातीवर, दुसऱ्यात मोबाइल, हवामान बघत. "पित्त झालंय," एवढंच म्हणतात. नाशिकला डॉक्टरांनी विचारलं, "म्हणजे काय होतं?" त्यांना सांगता येईना, मलाही. या एका शब्दात काय काय बसतं? आणि टेन्शनने पित्त वाढतं, हे खरं का?

सातपूरहून:
फार काही बसतं. अंगावर गांधी उठल्या की पित्त, मग आपण आमसूल चोळतो. डोकं दुखून पिवळं पाणी पडलं तरी पित्त, आंबट ढेकर आला तरी पित्तच. डॉक्टरांच्या लेखी पित्त म्हणजे यकृतात तयार होऊन पित्ताशयात साठणारा रस. जळजळ होते ती बहुतेकदा जठरातल्या आम्लाने. अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडली की ते वर चढतं.

माधवनिदान या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात अम्लपित्ताच्या लक्षणांत 'तिक्ताम्लोद्गार' आणि 'हृत्कंठदाह' असे दोन वेगळे शब्द आहेत: कडू-आंबट ढेकर आणि छाती-घशातली आग. रोजच्या मराठीतही हा फरक आहेच. घशाशी येतं, जळजळतं, मळमळतं, करपट ढेकर येतात. दवाखान्यात ही क्रियापदं वापरा, 'पित्त' घरी ठेवा.

गंगापूर रोडवरून:
टेन्शनचं सांगते. 'पित्त खवळणं' म्हणजे संतापणं, त्यामुळे ताण आला की आम्ल वाढलंच असं आपण धरून चालतो. पण तपासणीत आम्ल तेवढंच असूनही ताणाखाली माणसांना जळजळ जास्त जाणवते, असं अभ्यासांत आढळलंय. याला आपल्याकडे चपखल शब्द आहे: हळवं. दाढ हळवी झाली की साधं पाणीही झोंबतं, तशी अन्ननलिका हळवी होते. झोपमोडीने अजूनच. म्हणून 'टेन्शनने पित्त वाढतं' यापेक्षा 'टेन्शनमध्ये पित्त सोसत नाही' हे जास्त खरं. "मनाचे खेळ" असं वडिलांना चुकूनही म्हणू नका. त्यांना जळतंय ते खरंच जळतंय. काळजीच्या दिवसांत जेवण उशिरा होतं, चहा-तंबाखू वाढते, ती भर वेगळीच.

एक मात्र कळकळीने सांगते. छातीवर दाब आला, घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर त्याला पित्त म्हणून सोडा पाजत बसू नका. तडक दवाखाना गाठा.

निफाडहून:
काल रात्री वडिलांच्या शेजारी बसून विचारलं, "दादा, घशाशी येतं का नुसतं जळजळतं?" जरा थांबून म्हणाले, "आडवं झालं की घशाशी येतं. बसलं की उतरतं. आभाळ असलं की जास्त." डॉक्टरांच्या चिठ्ठीमागे तसंच्या तसं लिहून ठेवलंय.