जॉनी वेस्टची टोपी: अस्सल की नंतरची?

धागाकर्त्यांनी विचारलंय की जुन्या खेळण्यांच्या लॉटमध्ये आलेली जॉनी वेस्ट या काउबॉय बाहुल्याची टोपी आणि कंबरपट्टा अस्सल, म्हणजे मार्क्स या अमेरिकन खेळणी कंपनीचे आहेत का. वर अनेकांनी नुसत्या रंगावर निकाल दिलाय, ते मला पटत नाही. रंग उन्हाने उडतो, म्हणून टोपी उलटी करून आतली बाजू बघा, खरी छटा तिथे टिकते.

त्याहून भरवशाची गोष्ट म्हणजे पोत. १९६५ साली आलेल्या या बाहुल्याचे कपडे अंगातच ओतलेले असत. टोपी, जाकीट, पट्टा मात्र मऊ, लवचिक प्लास्टिकचे. रेझिनमधली (साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या द्रवातली) नक्कल कडक लागते. मूळ वस्तूवरूनच साचा काढला असेल तर नग किंचित आखूड भरतो आणि बकल, शिवण अशी बारीक नक्षी बोथट होते. भिंग घेऊन बकलची कड तपासाच. पट्टा कमरेला ताणून बसत असेल तर शंका घ्या, पण ओढू नका! इतकं जुनं प्लास्टिक पटकन चिरतं.

खोक्यातला चित्रांचा कागद मिळाला तर उत्तमच, कोणत्या बाहुल्यासोबत काय यायचं ते त्यावर दिसतं. बकलचा जवळून फोटो टाकाल का?