हातातली नोकरीची ऑर्डर की पुढच्या परीक्षेची ॲड? तुमचं काय झालं ते सांगा

सीनाकाठची

आज सज्जावर, म्हणजे माझ्या तलाठी ऑफिसात, एक पोरगा उत्पन्नाच्या दाखल्याला आला. गावातलाच, बाप माझ्या ओळखीचा, साडेतीन एकर, त्यातली दीड सीनेच्या पुराने खरवडलेली. कशाला पाहिजे रे दाखला म्हटलं, तर म्हणाला, बँकेत क्लार्क लागलोय मॅडम, पण एमपीएससीच्या राज्यसेवेची पूर्व परीक्षा पण पास झालोय. मुख्य आता मोठी उत्तरं लिहायची, लेखी आहे, नोकरी करून जमणार नाही म्हणतात सगळे. मग जरा थांबून म्हणाला, "तुम्ही असता तर काय केलं असतं?"

मी म्हटलं, सर्व्हर डाउन आहे, उद्या ये.

सर्व्हर चालू होता.

२००९ ला मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहत होते, एका खोलीत पाच जणी. तेव्हाही मुख्य लेखीच होती. एकदा पूर्व निघाली, मुख्यला गेलं. दुसऱ्यांदा पूर्व निघाली आणि त्याच महिन्यात तलाठीची ऑर्डर आली. पंधरा दिवसांत हजर व्हा. आण्णांनी पतसंस्थेचं कर्ज काढून मला पुण्याला ठेवलं होतं. फोनवर ते एवढंच म्हणाले, तुला वाटेल तसं कर. पण मागे आई कुणाला तरी सांगत होती, "अगं लागली ती, लागली." पेढे वाटून झाले होते.

हजर झाले. मुख्यचा अभ्यास रात्री करीन म्हणून पुस्तकांचं खोकं सोबत नेलं. त्या वर्षी गारपिटीचे पंचनामे लागले, मग जनगणना, मग निवडणूक. खोकं तसंच राहिलं. रूम पार्टनरने तिची ऑर्डर सोडली होती, थांबली. तिची शेवटपर्यंत एकही पोस्ट निघाली नाही. आता क्लासमध्ये पॉलिटी शिकवते, पैसे माझ्यापेक्षा जास्त मिळवते. तर कोण जिंकलं ते मला विचारू नका.

पोरगा उद्या परत येणार. त्याला काय सांगू? तुमचे अनुभव लिहा. उपदेश नको, तो गावात भरपूर मिळतो त्याला.

डबा_दोन_वेळ

सर्व्हर डाउन, हाहाहा. आमच्या तलाठ्यांचा तर कायमच डाउन असतो, आता कारण कळलं.

सीनाकाठची

आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. २०२४ ला नाव बदललं. गावात अजून तलाठीबाईच म्हणतात ते सोडा.

निवृत्त_कॅशियर

आमच्या वेळी बँक भरतीला बीएसआरबीची परीक्षा असे. १९८३ साली पास झालो. पुण्यात आमचा नाटकाचा ग्रुप होता, पुरुषोत्तम करंडकाला सलग दोन वर्षं उतरलो होतो, आणि आता कॉलेज संपलं तरी एकत्र काहीतरी करायचं असं चाललं होतं. रिहर्सलच्या मधल्या चहाला मी सांगितलं की अंबाजोगाईला पोस्टिंग आलंय. कुणी काही बोललं नाही. दिग्दर्शकाने माझी स्क्रिप्ट घेतली आणि समोरच्याला दिली. एवढाच निरोप समारंभ.

डॉ. श्रीराम लागूंचं उदाहरण सगळे द्यायचे. कान-नाक-घशाचे सर्जन, १९६९ साली बेचाळिसाव्या वर्षी सगळं सोडून पूर्णवेळ नट झाले. मीही मनाशी ठरवलेलं, बेचाळीस. बेचाळीस आलं तेव्हा मी कर्जवसुलीला होतो, मुलगी नववीत. २००१ ला व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती आली, लोकांनी धडाधड अर्ज टाकले. मी फॉर्म आणला, भरला, पेनाने बँकेचा शिक्का कुठे बसेल तेही आखलं, आणि दिला नाही. का ते आजही नीट सांगता येणार नाही. हिला वाटतं तिच्यामुळे. तसं नाही.

कॅश जुळायची नाही तेव्हा संध्याकाळी साडेसातपर्यंत बसायला लागायचं. अकरा रुपयांच्या फरकासाठी. ते मात्र मला आवडायचं, खोटं का बोलू. फरक सापडला की अंगावर काटा यायचा.

बाईसाहेब, विषय भरकटला. क्षमस्व.

पावटा_उसळ

काका भरकटला नाही, अजिबात नाही. अकरा रुपये सापडले का पण?

निवृत्त_कॅशियर

बहुतेक वेळा फरक म्हणजे बंडलात एक नोट कमी असायची. अकराचा फरक म्हणजे आकड्याची चूक. ५६ चे ४५. कोणीतरी झोपेत लिहिलेलं असायचं.

खाकीची_बायको

मोबाइलवरून लिहितेय, चुका समजून घ्या. आमचे हे २०१४ ला पोलीस भरतीत लागले. त्यांना पीएसआय व्हायचं होतं, मित्र म्हणाले शिपाई होऊ नको, अडकशील. ह्यांनी मैदानात पळून दाखवलं आणि जॉइन झाले, म्हणाले आतून देतो खात्यांतर्गत. लग्न झालं तेव्हा मला हेच सांगितलं होतं की दोन वर्षांत साहेब होणार.

गणपतीचा बंदोबस्त, मग नवरात्र, मग कुणाची तरी सभा. पिंजरा गाडीत बसून मोबाइलवर चालू घडामोडी वाचायचे. एकदा बंदोबस्तावरून फोन केला, रात्री दोनला, की घरात लाल पुस्तक आहे त्यात कलम ३६८ काय आहे बघ. बघितलं. राज्यघटना दुरुस्ती. मला पाठ झालं, त्यांना नाही. अजून शिपाईच आहेत, आता हवालदार होतील.

मी त्यांना म्हटलं एकदा, मीच देते परीक्षा. आता मी अभ्यास करते आणि ते पोरीला शाळेत सोडतात, ड्युटी असेल त्याप्रमाणे. कुकर लागलाय, नंतर लिहिते

डबा_दोन_वेळ

वहिनी भारी. कलम ३६८ पिंजरा गाडीत, हे कुठल्या क्लासमध्ये शिकवत नाहीत.

चारशेतेरा

नावावरून ओळखलं असेल. राज्यसेवा २०१९. जून २०२० ला निकाल लागला, ४१३ जणांची निवड, त्यात मी. गावात बॅनर लागला. मग सप्टेंबरात मराठा आरक्षणाला स्थगिती, नेमणुका थांबल्या. वर्ष उलटलं तरी घरी. आधीची सहकारी बँकेतली नोकरी निकालाच्या आठवड्यातच सोडली होती, मोठ्या तोऱ्यात. बॅनरवरचा माझा फोटो उन्हाने पांढरा पडला, शेजारी आमदारांचा फोटो तेवढा टिकून होता. त्यांची शाई चांगली असावी.

त्या काळात मी एका मित्राच्या खताच्या दुकानात बसायचो. लोक यायचे, "साहेब, युरिया द्या." साहेब मुद्दाम म्हणायचे की मनापासून, मला कधी कळलं नाही.

त्या पोराला सांगा, निकाल म्हणजे नेमणूक नाही. एवढं पुरे.

एडिसनची_मावशी

आमच्या धाकट्याला २००९ ला कॅम्पसमधून आयटीचं पत्र होतं, जॉइनिंगची तारीख नव्हती. दर महिन्याला मेल, वी विल गेट बॅक टू यू. तोवर एका इंजिनिअरिंग कॉलेजात लेक्चरर म्हणून चिकटला. अजून तिथेच आहे. कंपनीचा मेल २०११ ला आला.

पावटा_उसळ

मावशी अमेरिकेत थंडी पडली का? आमची बहीण एडिसनलाच आहे, पटेल ब्रदर्समध्ये भेटली असेल.

एडिसनची_मावशी

पडली हो. आणि पटेल ब्रदर्समध्ये तर सगळेच भेटतात. कोथिंबीर मात्र तीन दिवस टिकत नाही.

डीएड_२०१०

मी लिहू की नको असं दोनदा झालं. डीएड २०१० ला झालं. २०१२ पासून शिक्षक भरती बंद. त्याच वर्षी एसटीत वाहकाची जागा लागत होती, मैत्रिणीने आणि मी फॉर्म सोबत भरला होता. तिने बिल्ला घेतला. मी नाही घेतला, कारण मला शिक्षिका व्हायचं होतं आणि मला वाटलं भरती काय, पुढच्या वर्षी सुरू होईल.

पुढचं वर्ष २०१७ च्या डिसेंबरात आलं. टीईटी नाही, ती पात्रता परीक्षा वेगळी, ही अभियोग्यता चाचणी. मार्क कमी पडले. मधली सगळी वर्षं इंग्लिश मीडियमच्या एका शाळेत साडेतीन हजारावर, मग पाच, मग कोविडला शून्य. २०२३ ची परत दिली. २०२४ ला शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव आलं, जिल्हा परिषद, वस्तीशाळा, पहिली ते चौथी मिळून एकोणीस मुलं. शिक्षणसेवक, मानधन १६ हजार, तीन वर्षं. वय छत्तीस.

मैत्रीण त्याच रूटला वाहक आहे. सकाळी सहा पन्नासच्या गाडीत तीच असते. मला पास नाही काढू देत, म्हणते तू तिकीट काढ, माझं टार्गेट भरू दे. पगार तिचा माझ्या दुप्पटहून जास्त. मधल्या सीटवर बसून मी वह्या तपासते आणि ती मागून ओरडते, "बाई, ह्याला दहापैकी दोनच? देऊन टाका की."

वाईट वाटतं का? पगाराच्या तारखेला वाटतं. बाकी दिवशी पोरं इतका गोंधळ घालतात की वेळच नसतो.

सीनाकाठची

ताई, वाचून डोळ्यात पाणी आलं आणि हसूही. तुमच्या मैत्रिणीला नमस्कार सांगा.

मांडवीपार

आमच्या गोव्यात दुसरा प्रकार. भाऊ तारवटी, म्हणजे जहाजावर खलाशी व्हायला बसला होता, सीडीसी (खलाशाचं नोंदणी पुस्तक) काढली, क्रूझचा इंटरव्ह्यू झाला, नंतर फोनची वाट. मधेच सरकारी खात्यात एलडीसीचा, म्हणजे कनिष्ठ क्लार्कचा कॉल. आई म्हणाली जा, घरी जेवशील. गेला. आठ दिवसांनी जहाजाचा फोन आला. आईने उचलला. तिने त्याला सहा महिने सांगितलंच नाही.

पावटा_उसळ

आईने! सहा महिने! मग?

मांडवीपार

मग काय, हसला. आता माशांचा बाजार करून ऑफिसात जातो. आई गेली तीन वर्षांपूर्वी. त्यावर तो अजून बोलत नाही.

नीटची_आई

माझं अवांतर होईल पण कुणाला माहीत असेल तर सांगा. मुलीला यंदा बीएएमएसची सीट मिळत होती, चांगल्या कॉलेजात, तिने सोडली, ड्रॉप घेतला, एमबीबीएसच हवं. दुसरा ड्रॉप आहे. मी काही बोलले नाही पण रात्री झोप लागत नाही. रोज सकाळी पाचला चहा करून देते, ती उठलेली असतेच, दार लावून. घरात टीव्ही बंद आहे दीड वर्ष. नवऱ्याने काल क्रिकेट मोबाइलवर आवाज बंद करून बघितलं, बाथरूममध्ये.

खाकीची_बायको

ताई झोप घ्या हो. तुम्ही आजारी पडलात तर चहा कोण करणार. मुलीला म्हणावं आठवड्यातून एक तास टीव्ही.

निवृत्त_कॅशियर

आणि बाबांना म्हणावं, बाथरूममध्ये फार वेळ बसू नये. मूळव्याध.

फॉर्म_भरला

२०२३ ला तलाठीला मीपण होतो. ४६४४ जागा, दहा लाखांवर अर्ज, खुल्याला हजार रुपये फी. माझे दोन मार्काने गेले. सीनाकाठची ताई, तुम्ही "खोकं तसंच राहिलं" म्हणून जे लिहिताय ना, त्या खुर्चीसाठी आम्ही अभ्यासिकेत बारा-बारा तास बसलो. रागाने नाही लिहीत. फक्त सांगितलं.

आता मी कुरिअरच्या गोडाऊनला रात्रपाळी करतो आणि दिवसा अभ्यासिका. दोन्हीकडे झोपतो थोडा थोडा. पुण्यात शास्त्री रोडला मार्च २०२१ ला राज्यसेवेची पूर्व परीक्षा पुढे ढकलली तेव्हा रस्त्यावर बसलेल्यांत पण होतो. ११ तारखेला सांगितलं, १४ ला पेपर होता. शेवटी २१ ला झाला. लोकांनी तिकिटं काढलेली.

सीनाकाठची

बरोबर आहे तुझं. खुर्चीचा मी कधी असा विचार केला नव्हता. तू कुठल्या अभ्यासिकेत आहेस? नको, इथे नको सांगू.

डबा_दोन_वेळ

शास्त्री रोडवाले सगळे सांगा, त्या गल्लीतल्या मेसचं वरण अजून तसंच पातळ आहे का? आम्ही त्याला सीना नदी म्हणायचो. उन्हाळ्यातली.

फॉर्म_भरला

आता फक्त पिवळं पाणी. दर मात्र वाढला.

चारशेतेरा

उन्हाळ्यातली सीना, मेलो.

नीटची_आई

काल रात्री तिच्या खोलीत जाऊन म्हटलं, अर्धा तास बाहेर ये, भेळ आणलीय. आली. काही बोलली नाही पण सगळी खाल्ली, वरची शेव पण. सांगावंसं वाटलं.

सीनाकाठची

पोरगा आला होता. तुमच्या सगळ्यांचं वाचून मी रात्री काय काय ठरवून ठेवलं होतं. निकाल म्हणजे नेमणूक नाही, एकोणीस मुलं, अकरा रुपये, सगळं सांगणार होते. खुर्ची पण पुढे केली, बस म्हटलं.

तो बसला नाही. म्हणाला, मॅडम घाई आहे, तहसीलला दुपारी दोननंतर घेत नाहीत. उत्पन्नाचे अहवाल दोन द्या. म्हटलं दोन कशाला? तर म्हणाला, नॉन क्रिमीलेअर दोन काढायचेत. बँकेला केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, आयोगाला राज्याच्या.

दोन्ही सह्या करून दिल्या.

फॉर्म_भरला

त्याला सांगा केंद्राच्या नमुन्यावर तारीख नीट बघून घे. माझं ह्याच कारणाने कागदपत्र पडताळणीत बाद झालं होतं.

सीनाकाठची

त्याचा नंबर आहे माझ्याकडे, आत्ता लावते.